बोलक्या पुस्तकांची पाठराखीण

सार्वजनिक ग्रंथालयातून ध्वनिमुद्रित पुस्तक मोफत घ्यायचे आणि ते मोबाइलवर ऐकायचे, ही सोय आज जगातील अनेक शहरांत रुळली आहे. तिची पाळेमुळे अमेरिकेत १९३०च्या दशकात अंधांसाठी निघालेल्या 'बोलक्या पुस्तकां'पर्यंत जाऊन पोहोचतात. त्या पुस्तकांसाठी अमेरिकेच्या अध्यक्षांकडे शब्द टाकणाऱ्यांत हेलन केलर यांचे नाव अग्रभागी होते. मात्र त्या पुस्तकांतील एक अक्षरही त्यांना कधी ऐकू येणार नव्हते.

हेलन केलर म्हटले की बहुतेकांना आठवतो तो पाण्याच्या पंपाखालचा चिमुकला हात आणि त्यावर अक्षरे गिरवणारी शिक्षिका. रंगभूमीने आणि चित्रपटाने हा प्रसंग अजरामर केला. 'द मिरॅकल वर्कर' हे नाटक १९५९ मध्ये ब्रॉडवेवर आले, १९६२ मध्ये त्याचा चित्रपट झाला आणि संजय लीला भन्साळी यांचा २००५ मधील 'ब्लॅक' हा हिंदी चित्रपटही त्याच कथेवर बेतलेला होता. त्या प्रसंगानंतर हेलन केलर आणखी एक्क्याऐंशी वर्षे जगल्या. त्यांनी पुस्तके लिहिली, राजकारणात बाजू घेतली, देशोदेशी प्रवास केला आणि अंधांच्या हाती पुस्तक पडावे म्हणून अर्धे आयुष्य खर्ची घातले. त्यांच्या चरित्राचा हा भाग तुलनेने अपरिचित राहिला आहे.

पुस्तकाआधीचा अंधार

अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील टस्कम्बिया या लहानशा गावी २७ जून १८८० रोजी हेलनचा जन्म झाला. वडील आर्थर केलर हे यादवी युद्धात दक्षिणेच्या बाजूने लढलेले कॅप्टन आणि पुढे एका स्थानिक वृत्तपत्राचे संपादक होते. आई केट हिला वाचनाची आवड होती. हेलन एकोणीस महिन्यांची असताना तिला तीव्र तापाचे दुखणे झाले. ताप उतरला, मूल वाचले म्हणून घरात आनंद झाला. पण थोड्याच दिवसांत लक्षात आले की, मुलीला दिसत नाही आणि ऐकूही येत नाही.

पुढची पाच वर्षे हेलनने खुणांच्या आधारे काढली. घरातल्यांना कळतील अशा काही खुणा तिने स्वतःच तयार केल्या होत्या. मनातले सांगता आले नाही की ती संतापाने लाथा झाडी, ओरडे, हाताला लागेल ते फेकून देई. अशा मुलीला एखाद्या आश्रमात ठेवावे, असे सुचवणारे नातेवाईकही होते. केट यांना मात्र चार्ल्स डिकन्स यांच्या अमेरिकेच्या प्रवासवर्णनातील एक माहिती आठवत होती. बोस्टनच्या पर्किन्स संस्थेत लॉरा ब्रिजमन या अंध व बहिऱ्या मुलीला भाषा शिकवण्यात आली होती, हे त्यांनी त्या पुस्तकात वाचले होते. हेलनच्या शिक्षणाची पहिली आशा अशी एका पुस्तकातूनच आली.

१८८६ मध्ये आर्थर केलर मुलीला घेऊन वॉशिंग्टनला अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्याकडे गेले. टेलिफोनचे जनक म्हणून जगाला ठाऊक असलेले बेल हे बहिऱ्यांचे शिक्षकही होते. त्यांच्या आईला आणि पत्नीलाही ऐकू येत नसे. बेल यांनी पर्किन्स संस्थेचे नाव सुचवले आणि संस्थेचे संचालक मायकेल अनाग्नोस यांनी आपल्याच एका माजी विद्यार्थिनीची निवड केली. ती होती वीस वर्षांची ॲनी सलिव्हन. डोळ्यांच्या विकाराने ॲनीची दृष्टी लहानपणीच अधू झाली होती, बालपण गरिबांच्या आश्रमात गेले होते आणि शस्त्रक्रियांनंतर तिला थोडेफार वाचता येऊ लागले होते. ३ मार्च १८८७ रोजी ती टस्कम्बियाला पोहोचली. ५ एप्रिल रोजी पंपाच्या धारेखाली हेलनचा एक हात धरून दुसऱ्या हातावर तिने पाण्याचे इंग्रजी नाव अक्षराअक्षराने लिहिले आणि प्रत्येक वस्तूला नाव असते, हे त्या मुलीला उमगले. त्यानंतर शब्दांची तिची भूक कधीच शमली नाही.

हातावर वाचलेली पुस्तके

हेलनपुढे पुस्तकापर्यंत जाण्याच्या दोन वाटा होत्या. एक म्हणजे उठावाच्या लिपीत छापलेला मजकूर बोटांनी वाचणे आणि दुसरी म्हणजे कोणीतरी तो मजकूर हाताच्या बोटांच्या खुणांनी तळव्यावर लिहून दाखवणे. पहिल्या वाटेने जावे तर पुस्तके फार थोडी उपलब्ध. त्यामुळे बराच मजकूर ॲनीच्या हातातून हेलनच्या हातात उतरत असे. आज एखाद्याने पुस्तक वाचून दाखवावे आणि दुसऱ्याने ते ऐकावे, तशीच ही रीत होती. फरक एवढाच की, येथे आवाजाची जागा स्पर्शाने घेतली होती.

या रीतीने एक कटू अनुभवही दिला. अकरा वर्षांच्या हेलनने 'द फ्रॉस्ट किंग' ही गोष्ट लिहून अनाग्नोस यांना वाढदिवसाची भेट म्हणून पाठवली. ती छापून आली आणि मग ध्यानात आले की, मार्गारेट कॅन्बी या लेखिकेच्या जुन्या गोष्टीशी तिचे विलक्षण साम्य आहे. ती गोष्ट काही वर्षांपूर्वी हेलनला हातावर वाचून दाखवली गेली होती. ऐकलेले आणि सुचलेले यांतील सीमा त्या मुलीच्या मनात पुसली गेली होती. पर्किन्स संस्थेत एका समितीपुढे तिची चौकशी झाली. आपण लिहितो ते आपलेच आहे ना, ही धास्ती पुढे कित्येक वर्षे तिच्या मनातून गेली नाही.

१८९०पासून तिने बोलण्याचे धडे घेतले. तिचे उच्चार परक्या माणसाला सहज कळत नसत आणि याची खंत तिला आयुष्यभर राहिली. न्यूयॉर्कची राइट-ह्युमसन शाळा आणि केंब्रिजची मुलींची शाळा असे टप्पे पार करून १९०० मध्ये तिने रॅडक्लिफ महाविद्यालयात प्रवेश घेतला. शिक्षणाचा खर्च उचलण्यासाठी मार्क ट्वेन यांनी स्टँडर्ड ऑइल कंपनीचे हेन्री रॉजर्स यांच्याकडे रदबदली केली. वर्गातील व्याख्याने ॲनी तिच्या हातावर लिहीत असे. जी पाठ्यपुस्तके ब्रेलमध्ये मिळत नसत, तीही ॲनी तासन्‌तास स्वतःच्या अधू डोळ्यांनी वाचून हातावर उतरवत असे. १९०४ मध्ये हेलन केलर विशेष गुणवत्तेसह पदवीधर झाल्या. अंध व बहिऱ्या व्यक्तीने पदवी मिळवण्याची ती पहिलीच वेळ होती. एका व्यक्तीच्या वाचनासाठी दुसऱ्या व्यक्तीचे डोळे झिजवावे लागतात, हा त्या चार वर्षांचा अनुभव होता. प्रत्येक अंधाला अशी ॲनी मिळणार नव्हती.

बेल यांच्याशी जडलेल्या स्नेहातून एक योगायोगही घडला होता. बेल यांच्या वॉशिंग्टनमधील प्रयोगशाळेने एडिसनच्या ध्वनिमुद्रण यंत्रात सुधारणा करून ग्राफोफोन तयार केला होता. त्याच्या पेटंटच्या विक्रीतून आलेला पैसा बेल यांनी बहिऱ्यांविषयीच्या संशोधनासाठी वापरला. त्यातून उभ्या राहिलेल्या व्होल्टा ब्युरोच्या इमारतीसाठी १८९३ मध्ये पहिली कुदळ मारली ती बारा वर्षांच्या हेलनने. ध्वनिमुद्रणाशी त्यांचे नाते चाळीस वर्षांनी पुन्हा जुळायचे होते.

लेखिका आणि कार्यकर्ती

महाविद्यालयात असतानाच १९०३ मध्ये 'द स्टोरी ऑफ माय लाइफ' हे त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले आणि जगभर पोहोचले. पुढे मात्र त्यांच्या लेखणीने वाचकांना अवघड वाटणारे विषय हाती घेतले. अंधत्वाची कारणे शोधताना गरिबी, कारखान्यांतील अपघात आणि उपचारांअभावी बळावणारे आजार यांच्याशी त्यांची गाठ पडली. १९०९ मध्ये त्या समाजवादी पक्षाच्या सदस्य झाल्या. स्त्रियांचा मताधिकार, कामगारांचे संप, कृष्णवर्णीयांचे हक्क, युद्धविरोध अशा अनेक बाबतींत त्यांनी उघड भूमिका घेतल्या. १९२० मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियनच्या संस्थापकांत त्यांचे नाव आहे. एरवी त्यांचे गोडवे गाणारी वृत्तपत्रे या मतांमुळे त्यांच्यावर घसरली.

त्यांची सगळीच मते काळाच्या कसोटीला उतरली असे नाही. १९१५ मध्ये गंभीर व्यंग घेऊन जन्मलेल्या एका बालकावर शस्त्रक्रिया न करण्याच्या शिकागोतील डॉक्टरच्या निर्णयाचे त्यांनी जाहीर समर्थन केले होते. अपंगांच्या हक्कांसाठी लढणाऱ्यांना त्यांच्या चरित्रातील हा भाग आजही बोचतो.

तत्त्वे आणि गरज यांच्या ओढाताणीचा अनुभवही त्यांनी घेतला. पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी यांनी देऊ केलेले वार्षिक मानधन त्यांनी आधी नाकारले. समाजवादी विचारांच्या व्यक्तीला भांडवलदाराचा पैसा नको होता. १९१३ मध्ये व्याख्यानांच्या दौऱ्यावर असताना एका हॉटेलात ॲनी अचानक आजारी पडल्या आणि मदतीला हाकही मारता येत नाही, अशा अवस्थेत हेलन सापडल्या. त्यानंतर त्यांनी ते मानधन स्वीकारले. १९१४ मध्ये पॉली थॉमसन या त्यांच्या सोबतीला आल्या. १९२० ते १९२४ या काळात तर उदरनिर्वाहासाठी त्या व ॲनी 'व्होडव्हिल' या करमणुकीच्या रंगमंचावरही उभ्या राहिल्या.

पाच लिप्या आणि एक कायदा

१९२४ मध्ये हेलन केलर यांनी अमेरिकन फाउंडेशन फॉर द ब्लाइंड या संस्थेचे काम हाती घेतले. संस्था तीनच वर्षांपूर्वी स्थापन झाली होती. निधी जमवणे आणि सरकारदरबारी अंधांची बाजू मांडणे ही जबाबदारी त्यांच्याकडे आली आणि पुढे चार दशके ते नाते टिकले.

अंधांच्या वाचनाची तेव्हाची स्थिती विचित्र होती. इंग्रजीपुरतेच पाहिले तरी ब्रेल, अमेरिकन ब्रेल, न्यूयॉर्क पॉइंट, मून आणि बोस्टनची उठावाची रोमन अक्षरे अशा वेगवेगळ्या लिप्या प्रचारात होत्या. एका लिपीत छापलेले पुस्तक दुसऱ्या लिपीच्या वाचकाला निरुपयोगी ठरे. मुळात पैसा अपुरा आणि तोही असा विभागला जाई. हेलन केलर यांना यांतील बऱ्याच लिप्या शिकाव्या लागल्या होत्या. एकच लिपी असावी, असा आग्रह त्यांनी अनेक वर्षे धरला. अखेर १९३२ मध्ये ब्रिटन व अमेरिका यांच्यात इंग्रजी ब्रेलच्या एका प्रमाण रूपावर एकमत झाले.

दुसरा प्रश्न होता पुस्तके पोहोचवण्याचा. ब्रेल पुस्तक जाडजूड असते, एका कादंबरीचे अनेक खंड होतात आणि छपाईचा खर्च मोठा असतो. अशी पुस्तके विकत घेणे बहुतेक अंधांना अशक्य होते. म्हणून ती सरकारने तयार करवून घ्यावीत आणि ग्रंथालयांनी मोफत उसनी द्यावीत, अशी मागणी पुढे आली. न्यूयॉर्कच्या प्रतिनिधी रूथ प्रॅट आणि यूटाचे सिनेटर रीड स्मूट यांनी तसे विधेयक मांडले. १९३० मध्ये हेलन केलर यांनी प्रतिनिधीगृहाच्या समितीपुढे साक्ष दिली. ज्यांना दिसत नाही, त्यांच्यासाठी पुस्तक म्हणजे काय, हे समितीला समजावून सांगण्यासाठी त्यांच्याहून योग्य साक्षीदार मिळणे कठीण होते. ३ मार्च १९३१ रोजी अध्यक्ष हर्बर्ट हूव्हर यांनी विधेयकावर स्वाक्षरी केली. ॲनी टस्कम्बियाला आल्या त्या दिवसाला बरोबर ४४ वर्षे झाली होती. वर्षाला एक लाख डॉलरची तरतूद झाली. पुस्तके तयार करवून घेण्याचे काम 'लायब्ररी ऑफ काँग्रेस'कडे आणि ती वाचकांना देण्याचे काम देशभरातील निवडक ग्रंथालयांकडे आले.

तबकडीवरची कादंबरी

तरीही एक मोठा वर्ग या योजनेबाहेर राहत होता. अंधांपैकी बहुसंख्य लोक जन्मांध नसतात. उतारवयात, आजाराने किंवा अपघाताने दृष्टी गेलेल्यांची बोटे ब्रेल शिकण्यास सहसा तयार होत नाहीत. ब्रेलची कितीही पुस्तके छापली तरी या माणसांच्या दृष्टीने ती कोरीच राहणार होती.

ध्वनिमुद्रण यंत्राचे उपयोग सांगताना थॉमस एडिसन यांनी १८७८ मध्येच अंधांसाठी बोलणाऱ्या पुस्तकांचा उल्लेख केला होता. मात्र बाजारातील तबकडी मिनिटाला ७८ फेऱ्या घेई आणि तिची एक बाजू चार-पाच मिनिटांत संपे. अशा तबकड्यांवर अख्खी कादंबरी बसवायची तर त्यांचा ढीगच लागला असता. अमेरिकन फाउंडेशनचे रॉबर्ट आयर्विन हे स्वतः लहानपणापासून अंध होते. कार्नेगी कॉर्पोरेशनच्या मदतीने त्यांनी १९३२ पासून यावर प्रयोग सुरू केले. तबकडीचा वेग मिनिटाला ३३ पूर्णांक १ तृतीयांश फेऱ्यांवर आणला, खाचा अधिक जवळ आणल्या आणि एका बाजूवर सुमारे पंधरा मिनिटांचे वाचन मावू लागले. दहा तासांचे पुस्तक वीसेक तबकड्यांत बसले. संगीताच्या बाजारात अशा दीर्घ तबकड्या यशस्वीपणे आल्या त्या १९४८ मध्ये. अंधांच्या ग्रंथालयांत त्या चौदा वर्षे आधी पोहोचल्या होत्या.

१९३३ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन ध्वनिमुद्रित पुस्तकांवरही सरकारी पैसा खर्च करण्याची मुभा मिळाली. १९३४ मध्ये पहिली पुस्तके तयार झाली. त्यांत बायबलमधील भाग होते, शेक्सपियरची नाटके होती आणि अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामाही होता. प्रकाशक व लेखक यांच्याशी झालेल्या समजुतीनुसार या तबकड्या केवळ अंधांना द्यायच्या होत्या. त्यांची विक्री किंवा प्रसारण करायचे नव्हते. डोळस माणसांना पुस्तक ऐकायला मिळण्यासाठी अजून बराच काळ जायचा होता.

आधी नकार

योजनेत एक मोठी उणीव होती. सरकार तबकड्यांचा खर्च देत होते. त्या वाजवण्याच्या यंत्राचा नव्हे. जागतिक मंदीच्या त्या काळात यंत्र विकत घेण्याची ऐपत फार थोड्या अंधांची होती. पुस्तके ग्रंथालयांत येऊन पडतील आणि ऐकण्याचे साधन नाही म्हणून वाचक घरी बसून राहतील, असा पेच निर्माण झाला. यंत्रांसाठी निधी उभारायचा तर त्यासाठी हेलन केलर यांच्याइतके वजनदार नाव दुसरे नव्हते. आयर्विन यांनी १९३३ मध्ये त्यांना तशी विनंती केली.

हेलन केलर यांनी ती नाकारली. त्या वेळी त्या आजारी ॲनींसह स्कॉटलंडमध्ये होत्या. देशात कोट्यवधी लोक बेकार असताना ग्रामोफोनसाठी लोकांपुढे हात पसरणे त्यांना रुचेना. बोलकी पुस्तके ही चैन आहे आणि अंधांनी काही काळ तिच्याविना राहावे, अशा आशयाचे उत्तर त्यांनी तारेने कळवले. अंधांना आधी काम हवे, भाकर हवी, असे त्यांचे मत होते. ध्वनिमुद्रित पुस्तकांमुळे ब्रेलकडे दुर्लक्ष होईल, ही शंकाही अंधांच्या वर्तुळात त्या काळी बोलून दाखवली जात होती. हेलन केलर यांचे स्वतःचे सारे वाचन तर बोटांवरच अवलंबून होते.

या नकाराचे मूल्यमापन करताना हे ध्यानात घ्यायला हवे की, पुस्तकाची महती त्यांना कोणी पटवून देण्याची गरज नव्हती. त्याच वर्षी जर्मनीत नाझी विद्यार्थ्यांनी जाळायला काढलेल्या पुस्तकांच्या यादीत त्यांचेही लेखन होते आणि पुस्तके जाळून विचार मरत नाहीत, अशा आशयाचे खुले पत्र लिहून त्यांनी त्या विद्यार्थ्यांना खडसावले होते. त्यांच्यापुढचा प्रश्न अग्रक्रमाचा होता. उपाशी माणसाच्या देशात आधी काय मागावे, हे त्यांना ठरवायचे होते.

मग होकार

पुढील दोन वर्षांत त्यांचे मत बदलले. ब्रेल न येणाऱ्या अंधांसाठी ही पुस्तके म्हणजे एकाकी दिवसांचा आधार आहेत, हे त्यांना पटत गेले. ॲनी सलिव्हन यांची उरलीसुरली दृष्टीही याच काळात जात होती. ज्यांनी हेलन यांच्यासाठी आयुष्यभर वाचले, त्यांनाच आता वाचता येत नव्हते.

१९३५ मध्ये हेलन केलर यांनी अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्याकडे यंत्रांसाठी साकडे घातले. रूझवेल्ट यांनी त्या वर्षी बेकारांना काम देण्यासाठी 'वर्क्स प्रोग्रेस ॲडमिनिस्ट्रेशन' हा मोठा कार्यक्रम सुरू केला होता. त्याच निधीतून बोलक्या पुस्तकांची यंत्रे तयार करण्यास सप्टेंबर १९३५ मध्ये मंजुरी मिळाली. पहिल्याच टप्प्यात दोन लाख डॉलरहून अधिक रक्कम देण्यात आली. न्यूयॉर्कमध्ये बेकार कामगारांकडून ही यंत्रे जुळवून घेण्यात आली. दोन वर्षांपूर्वी ज्या बेकारीकडे बोट दाखवून हेलन यांनी नकार दिला होता, त्या बेकारीवरच्या उपायातूनच यंत्रे तयार झाली. १९४२ मध्ये कार्यक्रम संपेपर्यंत त्यांची संख्या वीस हजारांवर गेली होती.

यंत्राची मालकी सरकारची आणि वापर अंध वाचकाचा, अशी व्यवस्था ठरली. वाचकाने ग्रंथालयाला पसंतीची पुस्तके कळवायची, ग्रंथालयाने तबकड्यांची पेटी टपालाने पाठवायची, ऐकून झाले की वाचकाने ती परत करायची. टपालखाते त्यासाठी हशील घेत नसे. वाचकाला ग्रंथालयाची पायरी चढावी लागत नव्हती, पुस्तकच त्याच्या दारी येत होते. ब्रिटनमध्येही नोव्हेंबर १९३५ मध्ये अशीच सेवा सुरू झाली आणि तिच्या पहिल्या पुस्तकांत अगाथा ख्रिस्ती यांची एक रहस्यकथा होती.

स्वतः हेलन केलर यांचा आवाजाशी संबंध केवळ कंपनांपुरता होता. बोलणाऱ्याच्या ओठांवर आणि गळ्यावर बोटे ठेवून त्या त्याचे बोलणे समजून घेत. गायक एन्रिको कारुसो यांचे गाणे त्यांनी असेच अनुभवले होते. १९२४ मध्ये बीथोव्हनची नववी सिम्फनी आकाशवाणीवर सुरू असताना श्रवणयंत्राच्या पडद्यावर बोटे टेकवून वाद्यांचा आणि मानवी आवाजांचा फरक त्यांना जाणवला होता. संगीत असे थोडेफार बोटांतून कळते. कादंबरीतील वाक्य मात्र कंपनांतून उलगडत नाही. बोलक्या पुस्तकांपासून त्यांना स्वतःला काहीही मिळणार नव्हते.

अखेरची वर्षे

२० ऑक्टोबर १९३६ रोजी ॲनी सलिव्हन यांचे निधन झाले. जवळजवळ पन्नास वर्षांची साथ संपली. पॉली थॉमसन यांना सोबत घेऊन हेलन यांनी काम चालू ठेवले. १९३७ मध्ये त्या जपानला गेल्या. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी रुग्णालयांत जखमी सैनिकांच्या भेटी घेतल्या. १९४६ मध्ये त्या परदेशी असताना कनेटिकटमधील त्यांचे घर आगीत भस्मसात झाले आणि ॲनी यांच्या चरित्राचे हस्तलिखितही जळाले. त्यांनी ते पुन्हा लिहून काढले आणि १९५५ मध्ये 'टीचर' या नावाने प्रसिद्ध केले. त्याच वर्षी, पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर त्यांनी आशियाचा प्रदीर्घ दौरा केला. त्यात त्या भारतातही आल्या आणि दिल्लीत पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांचा चेहरा बोटांनी चाचपून त्यांनी त्यांची ओळख करून घेतली. १९४६ ते १९५७ या काळात त्यांनी पस्तीस देशांना भेटी दिल्या आणि बहुतेक ठिकाणी अंधांच्या शाळा, प्रशिक्षण व पुस्तके यांसाठी तिथल्या सरकारांकडे शब्द टाकला.

१९६० मध्ये पॉली थॉमसन गेल्या. पुढच्या वर्षी हेलन केलर यांना पक्षाघाताचा झटका आला आणि त्यांनी सार्वजनिक जीवनातून निवृत्ती घेतली. १९६४ मध्ये त्यांना 'प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम' हा सन्मान मिळाला. १ जून १९६८ रोजी वयाच्या ८७व्या वर्षी राहत्या घरी त्यांची प्राणज्योत मालवली. वॉशिंग्टनच्या नॅशनल कॅथीड्रलमध्ये ॲनी आणि पॉली यांच्या शेजारी त्यांच्या अस्थी ठेवण्यात आल्या.

तबकडीपासून मोबाइलपर्यंत

त्यांच्या पश्चात बोलक्या पुस्तकांचा प्रवास सुरूच राहिला. अमेरिकेत १९६६ मध्ये ही सेवा पुस्तक हाती धरू न शकणाऱ्या अन्य अपंगांनाही खुली झाली. तबकड्यांच्या जोडीला कॅसेट आल्या. २००९ मध्ये डिजिटल यंत्रे आली, पुस्तके इंटरनेटवरून उतरवून घेता येऊ लागली आणि २०१३ मध्ये त्यासाठीचे मोबाइल ॲप निघाले. एके काळी वीस तबकड्यांची पेटी लागणारी कादंबरी खिशातल्या फोनमध्ये बसली.

डोळस वाचकांकडे ही सोय वेगळ्या वाटेने आली. साहित्याच्या ध्वनिमुद्रिकांची बाजारपेठ १९५०च्या दशकात आकाराला आली, पुढे कॅसेट व सीडीच्या रूपाने ती ग्रंथालयांच्या फडताळांत गेली. आज 'लिबी'सारख्या २०१७ मध्ये आलेल्या ॲपमध्ये ग्रंथालयाच्या कार्डाचा क्रमांक टाकला की ऑडिओबुक फोनवर येते आणि मुदत संपताच आपोआप परत जाते. त्यातही जुनी मेख कायम आहे. बऱ्याच पुस्तकांच्या बाबतीत ग्रंथालयाकडे जितक्या प्रतींचा परवाना, तितक्याच वाचकांना ती एका वेळी मिळतात. बाकीच्यांना रांगेत थांबावे लागते. पुस्तकाचा आवाज कोणाला आणि कोणत्या अटीवर द्यायचा, हा १९३४ मधील प्रश्न अजून सुटलेला नाही.

अंधांच्या बाबतीत मात्र त्यावर एक आंतरराष्ट्रीय तोडगा निघाला आहे. प्रत्येक वेळी प्रकाशकाची परवानगी न घेता अंधांसाठी पुस्तकांची सुलभ रूपे तयार करता यावीत आणि ती एका देशातून दुसऱ्या देशात पाठवता यावीत, यासाठी मोरोक्कोतील माराकेश येथे एक करार झाला. तो संमत झाला तो दिवस होता २७ जून २०१३, म्हणजे हेलन केलर यांची १३३वी जयंती. २०१४ मध्ये त्याला मान्यता देणारा भारत हा पहिला देश ठरला. त्याआधीच २०१२ मध्ये भारताने आपल्या कॉपीराइट कायद्यात तशी तरतूद केली होती. २०१६ मध्ये 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झाले. मुंबईत बहिऱ्या आणि अंध-बधिर मुलांसाठी १९७७ पासून काम करणारी संस्था हेलन केलर यांचेच नाव धारण करते.

अमेरिकेतील त्या सेवेच्या मोबाइल ॲपमध्ये आणखी एक सोय आहे. फोनला उठावाचे ठिपके वर-खाली करणारी ब्रेलपट्टी जोडली, तर त्याच ॲपवरून उतरवलेले ब्रेल पुस्तक बोटांनी वाचता येते. ज्याला ऐकू येते त्याने ऐकावे, ज्याला ऐकू येत नाही त्याने स्पर्शाने वाचावे, यासाठी ग्रंथालय एकच आणि उपकरणही एकच. ब्रेल की बोलके पुस्तक, हा हेलन केलर यांच्या काळातील वाद त्यामुळे बराचसा निकालात निघाला आहे. त्यांनी इतरांसाठी मागितलेल्या व्यवस्थेत आज त्यांच्यासारख्या अंध-बधिर वाचकालाही जागा मिळाली आहे.